कुंपण दोघांचे

मुलाने नव्या घराचा पत्ता पाठवला, तेव्हा त्याच्या शेवटी ‘कोर्ट’ असा शब्द होता. गावात ही बातमी पोहोचली आणि दोन-तीन जणांनी काळजीने विचारले, “पोरगा कोर्टकचेरीत कसा काय अडकला?” नंतर उलगडा झाला. ज्या लहान रस्त्याला पुढे वाट नसते, जो शेवटी गोल होऊन थांबतो, त्याला मेलबर्नकडे ‘कोर्ट’ म्हणतात. आपण त्याला बंद गल्ली म्हणू. मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट नावाचे उपनगर आहे. तिथल्या अशाच एका कोर्टात आम्ही आणि आमच्या बेगम गेल्या वर्षी तीन महिने राहून आलो.

आपल्या कोकणी मुसलमानांना परदेश नवा नाही. पण आपला परदेश म्हणजे आखात. तिथे कंपनीने दिलेल्या खोलीत राहायचे, पैसे साठवायचे आणि घर बांधायचे ते गावात. ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलांचे तसे नाही. ती तिथेच घर घेतात, तिथेच त्यांची मुले शाळेत जातात. म्हणून ‘पगार किती?’ या प्रश्नापेक्षा ‘घर कसे आहे आणि शेजार कसा आहे?’ हा प्रश्न मोठा ठरतो. तीन महिन्यांत आम्ही जे पाहिले, ते त्याच प्रश्नाच्या अंगाने इथे मांडत आहोत.

काळ्या मातीवरचे घर

टारनीटची जमीन सपाट. झाडे तुरळक. आधी वाटले, कुठल्या ओसाड माळावर आलो! मग एका प्लॉटवर खोदकाम चालले होते, तिथे थांबून पाहिले तर खाली काळा दगड आणि वर चिकट काळपट माती. हा सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे, जसा आपला घाटावरचा महाराष्ट्र. मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, तसेच इथेही होते. त्यामुळे भिंतींना तडे जाऊ नयेत म्हणून इथल्या घरांचा पाया वेगळा घालतात. जमिनीवर फोमचे चौकोनी ठोकळे मांडून, त्यांच्यामध्ये सळ्या टाकून, अख्ख्या घराखाली काँक्रीटची एकच जाड लादी ओततात.

त्यावर उभे राहते ते लाकडी सांगाड्याचे घर. बाहेरून लाल विटा दिसतात, पण घराचा भार त्या विटांवर नसतो. भार पाईनच्या लाकडावर. वीट म्हणजे घराने अंगात घातलेला सदरा. आतल्या भिंती जिप्समच्या पातळ फळ्यांच्या. बोटाने टकटक केली की पोकळ आवाज येतो. चिऱ्याच्या दीड हात जाड भिंतींत आयुष्य काढलेल्या माणसाला हे घर खेळण्यातले वाटते.

ऑस्ट्रेलियात पूर्वी पाव एकराचा प्लॉट हे प्रत्येक संसाराचे स्वप्न असे. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. आता नव्या वसाहतींत बरेच प्लॉट चार गुंठ्यांच्या आत आले आहेत. घरे मात्र लहान झालेली नाहीत, त्यामुळे अंगण आक्रसले आहे. मुलाच्या घरी चार बेडरूम, दोन गाड्यांचे गॅरेज आणि मागे दोन खाटा टाकता येतील एवढी हिरवळ. स्वयंपाकघर बैठकीला जोडूनच, मध्ये भिंत नाही. पाहुणे आले की सुनेला अवघडल्यासारखे होई. शेवटी मुलाने छतापासून एक जाड पडदा सोडला. संडासात पाण्याची सोय नव्हती, तिथे आपला बदना गेला. पहिल्याच आठवड्यात बेगमनी मासे तळले आणि छतावरची धुराची घंटा अशी ठणाणू लागली की नातवाने कान झाकून घेतले.

एक गोष्ट मात्र घरच्यासारखी निघाली. इथे मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेकडून ऊन येणाऱ्या घराला मागणी. ऋतू उलटे, जूनमध्ये थंडी. पण किब्ल्याची दिशा विचारली तर मुलगा म्हणाला, “अब्बा, गावासारखीच. पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे.” एवढे समुद्र ओलांडून आलो आणि मुसल्ला मात्र त्याच दिशेला अंथरला. मनाला फार बरे वाटले.

व्याजाचा प्रश्न

हे घर घेण्याआधी मुलगा चार वर्षे भाड्याने राहिला. कारण एकच, व्याज. बँकेचे कर्ज घेऊन तो दुसऱ्याच महिन्यात घरात जाऊ शकला असता. त्याचे मित्र गेलेही. यात कोणाला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. युरोपातल्या उलेमांच्या फतवा परिषदेने १९९९ साली तिथल्या मुसलमानांना राहत्या घरापुरती, गरजेच्या मुद्द्यावर, अटींसह मुभा दिली होती. अनेक उलेमांना ती मान्य नाही. ज्याने त्याने आपल्या भागातल्या जाणत्या आलिमांना विचारून ठरवावे.

मुलाने बिनव्याजी मार्ग धरला. मेलबर्नमध्ये १९८९ साली मुस्लिम कम्युनिटी को-ऑपरेटिव्ह ही संस्था सुरू झाली. पुढे असे काम करणाऱ्या आणखी संस्था आल्या. पद्धती दोन प्रकारच्या. इजारा म्हणजे भाडेपट्टा आणि घटत जाणारी मुशारका म्हणजे भागीदारी. भागीदारीत संस्था आणि ग्राहक मिळून घर घेतात. ग्राहक संस्थेच्या हिश्श्याचे भाडे देतो आणि थोडाथोडा हिस्सा विकत घेत जातो. व्यवहार दोनदा होतो म्हणून मुद्रांक शुल्कही दोनदा भरावे लागे. व्हिक्टोरिया राज्याने २००४ मध्ये कायदा बदलून ही अडचण दूर केली.

हा मार्ग स्वस्त नाही, हेही सांगायला हवे. भाड्याचा दर बाजाराकडे पाहूनच ठरतो, त्यामुळे बाजार चढला की तोही चढतो. पण व्याजाच्या चक्रात काय होते, ते या काळात सगळ्यांनीच पाहिले. मे २०२२ पूर्वी ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचा दर ०.१० टक्के होता. नोव्हेंबर २०२३ पर्यंत तो ४.३५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराने कर्ज घेतलेल्या घरांचे हप्ते दीड वर्षात कुठल्या कुठे गेले. मुलगा म्हणाला, “अब्बा, हप्ता तर आम्हालाही जड जातो. पण रात्री झोप लागते.” यावर आम्ही काही बोललो नाही. त्याच्यासाठी दुआ केली.

गडगा आणि कुंपण

आमच्या घराला पुढे पडवी आहे. असरची नमाज झाली की पडवीत बसायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम करायचा. दोन घरांमध्ये गडगा आहे, पण तो कमरेएवढा. त्यावरून कोथिंबीर जाते, कालवणाची वाटी जाते, भांडणही जाते.

ऑस्ट्रेलियातल्या जुन्या घरांनाही पुढे व्हरांडा असे. गंमत म्हणजे ‘बंगला’ आणि ‘व्हरांडा’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत गेले ते आपल्या हिंदुस्थानातूनच. टारनीटच्या नव्या घरांना मात्र पुढे गॅरेजचे दार. माणूस गाडीतून येतो, बटण दाबतो, दार वर जाते, गाडी आत शिरते आणि दार खाली येते. चेहरा दिसत नाही. जगणे सगळे घराच्या मागच्या बाजूला गेले आहे आणि तिथे माणसाच्या डोक्याच्या वर जाणारे कुंपण. पहिले आठ-दहा दिवस आम्ही खिडकीत बसून रस्ता पाहत होतो. कुत्र्याला फिरवणारी एक बाई सोडली तर चिटपाखरू नाही. बेगम एकदा म्हणाल्या, “घर छान आहे हो, पण मयतीला माणसं कुठून येतील?”

याच कुंपणाविषयी मुलाने एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला नवी होती. व्हिक्टोरिया राज्यात १९६८ सालापासून कुंपणाचा स्वतंत्र कायदा आहे. दोन घरांमधल्या साध्या कुंपणाचा खर्च साधारणपणे दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा सोसायचा. पडले तर दोघांनी मिळून उभे करायचे. म्हणजे ज्याने दोन शेजारी वेगळे होतात, ती वस्तूच मुळी दोघांची. आम्हाला ती हदीस आठवली, जिच्यात शेजाऱ्याला आपल्या भिंतीत लाकूड बसवायचे असेल तर त्याला अडवू नये, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. भिंत आपली असली तरी तिच्यावर शेजाऱ्याचा हक पोहोचतो.

त्या कुंपणापलीकडे एक आजोबा एकटेच राहत होते. लहानपणी आईवडिलांबरोबर माल्टा बेटावरून आलेले. मेलबर्नच्या पश्चिम भागात माल्टाची पुष्कळ कुटुंबे आहेत. मुलगा राहायला आला त्या आठवड्यात त्यांनी न सांगता याच्या दारासमोरचे गवत कापून टाकले होते. घर आणि रस्ता यांच्यामधला तो हिरवा पट्टा असतो नगरपालिकेच्या मालकीचा, पण कापायचा घरमालकाने. मुलाकडे तेव्हा यंत्र नव्हते. ईदला सुनेने शिरखुर्मा पाठवला, तर भांडे परत आले ते त्यांच्या झाडाच्या लिंबांनी भरून. रिकामे भांडे परत करायचे नाही, ही रीत आपलीच आहे असे आम्ही समजत होतो.

एकदा आमच्या तोंडून ‘या अल्लाह’ निघाले, ते पलीकडून ऐकून आजोबा हसले. म्हणाले, आम्हीही देवाला ‘अल्ला’च म्हणतो. ते कॅथलिक ख्रिस्ती. पण माल्टाची भाषा मूळ अरबीतून आलेली. ईस्टरच्या आधीच्या त्यांच्या उपवासांना ‘रान्दान’ म्हणतात. घराला ‘दार’ आणि शेजाऱ्याला ‘जार’. कुरआनच्या सूरह निसामध्ये जवळच्या आणि परक्या अशा दोन्ही शेजाऱ्यांशी चांगले वागण्याचा हुकूम आहे. तिथे शेजाऱ्यासाठी आलेला शब्दही ‘जार’च. त्या दिवसापासून आम्ही त्यांना ‘जार’ म्हणून हाक मारू लागलो आणि तेही आम्हाला.

कचऱ्याच्या डब्याची गोष्ट

तिथे प्रत्येक घराला चाकांचे मोठे डबे असतात. ठरलेल्या रात्री ते रस्त्याच्या कडेला लावायचे. पहाटे गाडी येते आणि यंत्राच्या हाताने उचलून रिकामे करते. एका आठवड्यात पिवळ्या झाकणाचा डबा, दुसऱ्या आठवड्यात हिरव्या झाकणाचा. कोणत्या आठवड्यात कोणता, हे आख्खे कोर्ट जारच्या डब्याकडे पाहून ठरवी. कारण त्यांचा डबा दुपारीच लागलेला असे.

एका मंगळवारी मगरिब झाली तरी त्यांचा डबा लागला नव्हता. बेगमच्या ते आधी लक्षात आले. त्या म्हणाल्या, “जाऊन बघूया.” सून म्हणाली, “अम्मी, इथे असं कुणाच्या दारात जात नाहीत. झोपले असतील, त्यांना आवडणार नाही.” मुलगा कामावर होता. सुनेचे म्हणणे चुकीचे नव्हते. तिथे माणसाच्या एकांताला मान आहे आणि काही वेळा तो सुखाचाही वाटतो. आम्हीही तिच्याच बाजूने बोललो. परका मुलूख, आपले इंग्रजी तोडकेमोडके, बेगमच्या डोक्यावर ओढणी, आमची दाढी. अंधारात कोणाच्या बागेत शिरलो आणि कोणी पोलिसांना बोलावले तर?

अशी तासभर चर्चा झाली. इशाच्या वजूला उठलो, तेव्हा बेगमनी एवढेच विचारले, “गावात आपण एवढा वेळ घेतला असता का?”

आम्ही तिघे गेलो. दार वाजवले, उत्तर नाही. आत दिवा होता. बाजूच्या खिडकीपाशी गेलो तेव्हा क्षीण आवाज आला. ते न्हाणीघरात घसरून पडले होते. दुपारपासून तसेच होते. सुनेने ट्रिपल झीरोला फोन लावला. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही. ‘जार, जार’ एवढेच म्हणत होतो बहुतेक.

खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, अल्लाहच्या कृपेने ते वाचले. मोठ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची मुलगी येऊन आमचे हात धरून रडली. सगळ्यांनी आमचे कौतुक केले. पण खरे सांगायचे तर तो एक तास आम्हाला अजून टोचतो. एक माणूस लादीवर पडून होता आणि आम्ही पलीकडे बसून ‘बरे दिसेल की नाही’ याचा विचार करत होतो. शेजाऱ्याबद्दल जिब्रील (अ.) यांनी इतक्या वेळा ताकीद दिली की शेजारी वारस ठरेल की काय असे वाटू लागले, असे प्रेषितांनी (स.) म्हटले आहे. ही हदीस आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. वेळ आली तेव्हा तिच्यावर उठायला एक तास लागला.

काचेची मशीद

जुम्याला मुलगा आम्हाला गाडीने न्यूपोर्टच्या मशिदीत घेऊन जाई. हिचा आराखडा ग्लेन मरकट आणि हाकान एलेवली या दोन वास्तुकारांचा. मरकट हे ऑस्ट्रेलियातले नामवंत वास्तुकार. वारा आणि ऊन ओळखून बांधलेल्या स्वतंत्र घरांसाठी त्यांची कीर्ती. २००२ साली त्यांना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले. या मशिदीला नेहमीसारखा घुमट नाही, मिनार नाही. छतावर रंगीत काचांचे ९६ झरोके आहेत, पिवळे, हिरवे, निळे, लाल. दिवस जसा सरकतो तसा आतला उजेड रंग बदलतो. आणि दर्शनी भिंत काचेची. बाहेरच्या माणसाला आत काय चालले आहे ते दिसावे, हा हेतू. आमच्या मनात आले, घरे बंद गॅरेजची आणि मशीद मात्र काचेची! शेजाऱ्याला भीती वाटू नये यासाठी आपण होऊन दार उघडे ठेवले आहे.

ही उघडी काच सहज मिळालेली नाही. १८६० नंतर अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाबकडचे उंटवाले या देशात आले. वाळवंटातून माल त्यांनी वाहिला. पण त्यांची वस्ती गावाच्या बाहेर, ‘घानटाउन’ म्हणून वेगळी. अॅडलेडची मशीद १८८८-८९ मध्ये त्यांच्याच काळात उभी राहिली. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांशिवाय इतरांना देशाची दारे जवळजवळ बंद झाली आणि ते धोरण पूर्णपणे संपायला १९७३ साल उजाडले. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्या धर्मबांधवांची मुले आज त्याच देशात कुंपणाचा निम्मा खर्च देऊन शेजारी म्हणून राहतात. टारनीटमध्ये तर २०२१ च्या जनगणनेत इंग्रजीखालोखाल सर्वाधिक घरांत पंजाबी बोलली जात होती. मुलाच्या दुसऱ्या बाजूचे घर सरदारजींचेच. आता प्रश्न जागा मिळण्याचा नाही. मिळालेल्या जागेत आपण शेजारी म्हणून कसे वागतो, हा आहे.

परत आल्यावर

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाने विचारले, “अब्बा, कायमचे याल का इकडे?” आम्ही उत्तर दिले नाही, आजही दिलेले नाही. पण बेगमनी मयतीबद्दलचा तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

गावी परतल्यावर पहिल्या संध्याकाळी पडवीत बसलो आणि समोर पाहिले. आमच्या वाडीतल्या अकरा घरांपैकी सहांना कुलूप. कोणी मुंब्र्याला, कोणी कुवेतला. गडगा कमरेएवढाच आहे, पण पलीकडे वाटी घ्यायला माणूस नाही. मुंब्र्याच्या नातेवाइकांकडे गेलो, तर सातव्या मजल्यावर समोरच्या दाराआड कोण राहते हे त्यांना सांगता येईना. कालवण करताना पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्याला द्यावे, अशी शिकवण असलेली आपण माणसे. दोष ऑस्ट्रेलियाच्या उंच कुंपणाला तरी कसा द्यायचा?

आता आम्ही एक सवय लावून घेतली आहे. मगरिबनंतर वाडीतून एक फेरी मारतो. कोणाच्या घरात दिवा लागला, कोणाच्या नाही, ते पाहतो. वरच्या आळीत एक विधवा आजी एकटीच असते. तिच्या दारात दोन मिनिटे थांबतो. मुलगा तिकडे तेच करतो. मंगळवारी आधी जारचा डबा लावतो, मग आपला. जार काठी घेऊन चालू लागले आहेत. मागच्या ईदला त्यांच्या लिंबांचे लोणचे सुनेने घातले आणि त्यातली अर्धी बरणी कुंपणावरून परत त्यांच्याकडे गेली.

अल्लाह आपल्या सर्वांना चांगले घर आणि चांगला शेजार देवो. आणि त्याआधी आपल्याला चांगले शेजारी बनवो. आमीन.